लाख कोटींचे आरमार

पटावरचे युद्धखेळ ही मुलांची करमणूक, असा आपल्याकडे सार्वत्रिक समज आहे. अमेरिकेत मात्र गेली कित्येक दशके प्रौढ, कर्तीसवरती माणसे कागद, पेन्सिल आणि फासे घेऊन काल्पनिक अंतराळयानांची आरमारे उभारीत आली आहेत. त्यांच्यात एक जुना वाद आहे. आरमार केवळ जिंकण्यासाठी, नियमांचा शेवटचा थेंब पिळून घडवावे, की खऱ्या नौदलाला शोभेल असे? पहिल्या पद्धतीस तेथे ‘पॉवर गेमिंग’ म्हणतात आणि तो शब्द बहुधा नाक मुरडूनच उच्चारला जातो. आपणही नाक मुरडण्यापूर्वी एक प्रसंग तपासून पाहावा.

‘ट्रॅव्हलर’ हा खेळ १९७७ सालचा. त्यातील आरमारी लढायांसाठी १९८१ मध्ये ‘ट्रिलियन क्रेडिट स्क्वाड्रन’ ही पुस्तिका निघाली. भांडवल ठरलेले : एक लाख कोटी ‘क्रेडिट’. तेवढ्यात ताफा बांधावयाचा. चिलखत जाड घेतले तर तोफांची जागा जाते. इंजिन मोठे घेतले तर चिलखत पातळ होते. प्रत्येक टनाचा हिशेब द्यावा लागतो. आपल्या पेढ्यांवरील मंडळींना यातील गोडी वेगळी सांगावयास नको.

त्याच वर्षी जुलैत कॅलिफोर्नियातील सॅन मटेओ येथे या खेळाची स्पर्धा झाली. स्टॅनफर्ड विद्यापीठातील संगणकशास्त्रज्ञ डग्लस लेनाट तीत उतरला. तो मुरलेला खेळाडू नव्हता. त्याने ‘युरिस्को’ नावाच्या आपल्या संगणक-प्रणालीला सारी नियमावली शिकविली आणि रात्रीमागून रात्री तिच्याकडून ताफे घडवून ते आपसांत झुंजविले. सकाळी तो निकाल पाही, निरर्थक ते छाटी आणि पुन्हा यंत्र चालू करी. यशाचे श्रेय साठ टक्के आपले आणि चाळीस टक्के यंत्राचे, अशी वाटणी पुढे त्यानेच केली. भागीदारीचा इतका स्वच्छ हिशेब क्वचितच पाहावयास मिळतो!

निघालेले आरमार पाहून इतर हसले असतील. शहाण्णव जहाजे, बहुतेक मंद, जड चिलखताची, शस्त्रांनी खच्चून भरलेली. डौल नाही, चपळाई नाही. परंतु हे आरमार स्पर्धा जिंकले. पुढच्या वर्षी आयोजकांनी नियम बदलून ताफ्याच्या चपळतेला महत्त्व दिले. युरिस्कोने त्यावरही तोड काढली : निकामी होऊन रेंगाळणारी आपलीच जहाजे उडवून द्यावयाची, म्हणजे उरलेल्या ताफ्याची चपळता टिकते. १९८२ ची स्पर्धाही लेनाटचीच झाली. तो पुन्हा जिंकला तर स्पर्धाच बंद करू, असे आयोजकांनी सुचविले, तेव्हा तो सन्मानाने बाजूला झाला.

यात लबाडी कोठे आहे? मला ती दिसत नाही. नियम सर्वांसमोर होते. वास्तववादी म्हणविणारे खेळाडू एक गोष्ट विसरतात : खरी आरमारेही नियमांच्या फटीतूनच घडली आहेत. व्हर्सायच्या तहाने जर्मनीला दहा हजार टनांहून मोठी युद्धनौका बांधण्यास बंदी होती. जर्मन अभियंत्यांनी तेवढ्याच आकाराची म्हणून (प्रत्यक्षात ती मर्यादा ओलांडूनच) अशी नौका रचली, की तिच्याहून बलवान बहुतेक नौका तिच्याहून मंद आणि तिच्याहून वेगवान बहुतेक नौका दुर्बळ. सहा मोठ्या तोफा आणि लांब पल्ल्याची डिझेल इंजिने. पॉवर गेमिंग याहून निराळे काय असते?

त्या जातीची ‘ग्राफ श्पे’ ही नौका डिसेंबर १९३९ मध्ये दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्याजवळ तीन लहान क्रूझरांनी गाठली. चकमकीनंतरही तिच्या मुख्य तोफा चालत होत्या. पण इंधन शुद्ध करणारी यंत्रणा निकामी झाली होती, दारूगोळा सरत आला होता आणि मायदेशाचे बंदर हजारो मैल दूर होते. तटस्थ उरुग्वेने माँटेव्हिडिओ बंदरात थांबण्यास बहात्तर तास दिले. बाहेर मोठे शत्रुदल टपून आहे अशा समजुतीने कप्तानाने खलाशी उतरविले आणि नौका स्वतःच बुडविली.

युरिस्कोनेही आपली जहाजे स्वतःच नष्ट केली होती. तेथे मात्र त्यांवर खलाशी नव्हते, दुरुस्तीची गोदी नव्हती, दुसऱ्या दिवशीची लढाई नव्हती. स्पर्धेची वही एकाच संध्याकाळची. जो खर्च वहीत लिहिलाच जात नाही, तो वाचविणारा कोणाला फसवीत नाही. वही आखणाराने रकाना ठेवलेला नसतो, इतकेच. म्हणून माझा आक्षेप खेळाडूवर नसून एकाच लढाईत सर्व निकाल लावणाऱ्या स्पर्धेवर आहे.

गंमत अशी की, त्याच पुस्तिकेत दीर्घ मोहिमेचेही नियम आहेत. तेथे खेळाडू ग्रहसत्तेचा कारभारी होतो. लोकसंख्या, कर, वार्षिक अंदाजपत्रक, जहाजांची निगा हे सारे त्याला पाहावे लागते. घरातील एखाद्या हुशार मुलाने शहाण्णव मंद जहाजांचा ताफा अभिमानाने पुढे ठेवला, तर त्याला रागावू नये. त्याला ही मोहीम दहा वर्षांची खेळावयास द्यावी आणि दरवर्षीचा निगेचा खर्च त्याच्याच हाताने लिहू द्यावा.