शेवटच्या किलोमीटरचा हिशेब

परदेशातून आलेल्या प्रवाशासमोर विमानतळाबाहेर पडताच पहिला प्रश्न उभा राहतो तो मुक्कामाच्या हॉटेलपर्यंत पोहोचण्याचा. शहर अनोळखी, हाती सामान आणि टॅक्सीच्या भाड्याचा अंदाज नाही, अशा वेळी रेल्वेइतके विश्वासार्ह साधन दुसरे नाही. तिचे भाडे आधी ठाऊक असते आणि रस्त्यावरील कोंडीचा तिला उपसर्ग होत नाही. तरीही अनेक प्रवासी टॅक्सीच पसंत करतात. याचा सारा दोष सवयीला देणे योग्य होणार नाही.

दिल्लीचे उदाहरण या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहे. तेथील विमानतळ एक्स्प्रेस मेट्रो फेब्रुवारी २०११ मध्ये सुरू झाली. बांधकामातील दोषांमुळे जुलै २०१२ मध्ये ती बंद ठेवावी लागली व जानेवारी २०१३ मध्ये पुन्हा धावू लागली. त्याच वर्षी जुलैमध्ये खासगी कंपनीकडून तिचे संचालन दिल्ली मेट्रोकडे आले. पुढे २०१५ मध्ये भाडे कमी करण्यात आले, तेव्हा प्रवाशांची संख्या वाढली. २०२३ मध्ये गाडीचा कमाल वेग ताशी १२० किलोमीटरपर्यंत नेण्यात आला. आज टर्मिनल ३ पासून नवी दिल्ली स्थानक २० मिनिटांच्या आत गाठता येते.

मात्र प्रवासाची खरी कसोटी तेथून पुढे लागते. मेट्रोचे हे स्थानक रेल्वेच्या अजमेरी गेटच्या बाजूस आहे, तर माफक दरांच्या हॉटेलांसाठी प्रसिद्ध असलेले पहाडगंज रुळांच्या पलीकडे. अंतर थोडे असले तरी जड बॅगा घेऊन गर्दीतून पलीकडे जाणे वृद्धांना वा लहान मुलांसह येणाऱ्यांना सोपे नाही. शिवाय अनेक आंतरराष्ट्रीय विमाने मध्यरात्रीनंतर उतरतात आणि पहाटेपर्यंत मेट्रो बंद असते. मंजूर झालेले कर्ज खात्यात जमा होईपर्यंत ग्राहकाच्या उपयोगाचे नसते. वेगवान गाडीचेही तसेच आहे.

याच मार्गावर एक स्तुत्य सोय आहे. निवडक विमान कंपन्यांच्या प्रवाशांना नवी दिल्ली व शिवाजी स्टेडियम या स्थानकांवरच आपले सामान विमानासाठी सोपविता येते. निघणाऱ्या प्रवाशाच्या ओझ्याचा असा विचार होऊ शकतो, तर येणाऱ्याच्या ओझ्याचाही व्हावयास हवा. पुरेशी उद्वाहने, ठळक दिशाफलक, निश्चित दराच्या रिक्षा आणि रात्री उशिराची पर्यायी बससेवा यांचा खर्च मूळ प्रकल्पाच्या तुलनेत अल्पच असेल.

प्रवाशांनीही थोडी दक्षता घ्यावी. हॉटेल निवडताना खोलीच्या दराबरोबरच जवळचे स्थानक कोणते आणि हॉटेल त्याच्या कोणत्या बाजूस आहे, हे विचारून घ्यावे. कॅनॉट प्लेसमध्ये उतरावयाचे असल्यास शिवाजी स्टेडियम सोयीचे पडते. पहाटेचे विमान असल्यास टर्मिनल ३ पासून एकाच स्थानकावर असलेल्या एरोसिटीतील हॉटेलांचा विचार करता येईल. स्वस्त खोलीतील बचत पुष्कळदा टॅक्सीतच खर्ची पडते.

मुंबईतही ऑक्टोबर २०२४ मध्ये मेट्रो ३ विमानतळाच्या टर्मिनल २ पर्यंत पोहोचली व ऑक्टोबर २०२५ मध्ये तिचा मार्ग कफ परेडपर्यंत पूर्ण झाला. दिल्लीचा अनुभव येथे मार्गदर्शक ठरावा. गाडीचा वेग हा अभियंत्यांचा गौरव आहे. परंतु प्रवाशाच्या लेखी प्रवास संपतो तो हॉटेलच्या दारातच.