कुत्र्याला जलसंजीवनी चालते का?

मूल तालुक्यातून एका भगिनीने विचारले आहे : "आपा, शेतावर शेळ्या राखायला आमचा कुत्रा आहे. मे महिन्यात दुपारी तो जीभ बाहेर काढून धापा टाकत पडतो. मुलांसाठी घरात ओआरएसच्या पुड्या असतात. त्यातली एक त्याला दिली तर चालेल का? सासूबाई म्हणतात, माणसाचे औषध जनावराला देऊ नये."

प्रश्न एकट्या या बहिणीचा नाही. चंद्रपूर-गडचिरोलीत पारा 45 च्या वर गेला की माणसांची काहिली होते, तिथे राखणीच्या मुक्या जनावराचे काय होत असेल! थोडक्यात उत्तर असे : साधी ओआरएस पुडी, म्हणजे जलसंजीवनी, कुत्र्यासाठी विष नाही. पण उन्हाने धापा टाकणाऱ्या कुत्र्याला बहुतेक वेळा तिची गरजच नसते. त्याला हवे असते साधे पाणी आणि सावली.

याचे कारण सोपे आहे. आपल्याला अंगभर घाम येतो आणि घामातून मीठही जाते. कुत्र्याला घाम येतो तो जवळजवळ पंजांनाच. तो अंगातली उष्णता धापा टाकून बाहेर काढतो आणि त्यात मुख्यतः पाणीच जाते, मीठ फारसे जात नाही. हदीसमधला प्रसंग आपल्या घराघरांत सांगितला जातो. तहानेने ओली माती चाटणारा कुत्रा पाहून एक माणूस विहिरीत उतरला, आपल्या मोज्यात पाणी भरून त्याने त्याला पाजले आणि अल्लाहने त्याला माफ केले. त्याने पाजले ते साधे पाणीच होते.

मग जलसंजीवनी कधी द्यावी? जुलाब झाले असतील, पण कुत्रा शुद्धीवर असेल आणि उलट्या थांबल्या असतील तेव्हा. जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमाणाप्रमाणे एक लिटर पाण्यात ग्लुकोज 13.5 ग्रॅम, मीठ 2.6 ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड 1.5 ग्रॅम आणि सायट्रेट 2.9 ग्रॅम असते. म्हणून एक लिटरची पुडी पूर्ण एक लिटर पाण्यातच मिसळावी. घट्ट केल्याने गुण वाढत नाही, उलट मीठ जास्त होऊन उलट्या आणि झटके येऊ शकतात. दर 15-20 मिनिटांनी दोन-चार चमचे वाटीत ठेवा, त्याला स्वतः चाटू द्या. शेजारी साधे पाणीही असू द्या. उरलेले 24 तासांनी फेकून द्या. म्हाताऱ्या किंवा हृदयाचा, मूत्रपिंडाचा आजार असलेल्या कुत्र्याला डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. पिल्लाला रक्ताचे जुलाब व उलट्या होत असतील, तर पुडीच्या भरवशावर राहू नका. त्याला सलाईन लागते.

खरा धोका आहे तो 'शुगर-फ्री' लिहिलेल्या पावडरी व पेयांचा. त्यांतल्या काहींत झायलिटॉल नावाचा गोडवा असतो. माणसाला तो चालतो, पण कुत्र्याच्या रक्तातली साखर त्याने अर्ध्या-एक तासात एकदम खाली येऊ शकते. प्रमाण जास्त झाले तर यकृतही निकामी होते. वेष्टनावर 'झायलिटॉल' किंवा 967 हा आकडा दिसला तर ते कुत्र्यापासून दूर ठेवा. एनर्जी ड्रिंकही नको, त्यातले कॅफीन कुत्र्याला घातक आहे. फळांच्या चवीच्या गोड डब्यांनाही जलसंजीवनी समजू नका. ऑक्टोबर 2025 मध्ये एफएसएसएआयने अशा पेयांच्या नावात 'ओआरएस' शब्द वापरायला मनाई केली, कारण त्यात साखर भरमसाट आणि क्षारांचे प्रमाण चुकीचे असे. ही गोष्ट मुलांसाठी खरेदी करतानाही लक्षात ठेवा.

आपल्या जंगलपट्ट्यात आणखी एक गोष्ट घडते. बिबट्या गावात शिरून कुत्री उचलतो, म्हणून रात्री कुत्र्याला टिनाच्या खोलीत बांधतात. सकाळी सगळे तेंदूपत्ता तोडायला निघून जातात आणि साखळी सोडायची राहते. दहा वाजता ती खोली भट्टी होते. घराला कुलूप लावण्याआधी साखळी सोडली का, पाणी ठेवले का, हे एकाने पाहायचे, असा घरात नियमच करा.

कुत्रा लडखडत असेल, हिरड्या लालभडक झाल्या असतील, लाळ चिकट झाली असेल, तर तो उष्माघात आहे. आधी सावलीत न्या. पोट, जांघा व पंजांवर साधे पाणी ओता, बर्फाचे नको. वारा घाला. ओले पोते अंगावर झाकून ठेवू नका, आतली उष्णता कोंडते. बेशुद्ध कुत्र्याच्या तोंडात पाणी ओतू नका, ते फुप्फुसात जाते. अंगावर पाणी घालत घालतच तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या.

सासूबाईंनाही सांगा, त्यांची सावधगिरी चुकीची नाही. माणसाच्या गोळ्या, विशेषतः तापाच्या व दुखण्याच्या, कुत्र्याला कधीच देऊ नयेत. आजच एक मातीची कुंडी झाडाखाली ठेवा. ती फक्त कुत्र्याचीच असली की घरातल्या भांड्यांच्या पाकीचा प्रश्न उरत नाही. सकाळी भरा, दुपारी पुन्हा भरा. हे काम मुलांकडे द्या. सवाबही मिळेल आणि मुक्या जिवाची काळजी घ्यायची सवयही लागेल.