रद्दीतल्या बखरी

#धागा

आजचा विषय नेहमीच्या गडकोटांपासून थोडा दूरचा आहे. दूरचित्रवाणीवरील विज्ञानमालिकांवर बेतलेल्या कादंबऱ्या हे इतिहासाचे साधन आहे की रद्दी? माझे मत आधीच सांगून टाकतो. ते साधन आहे, आणि त्याला रद्दी म्हणणारे बहुतेक लोक साहित्याची कसोटी इतिहासाला लावण्याची चूक करीत आहेत.

निमित्त असे घडले. आमच्या मुळशी तालुक्यातील एका वाचनालयाने गेल्या वर्षी कपाटे मोकळी केली. व्हरांड्यात सुतळीने बांधलेले गठ्ठे रद्दीवाल्याची वाट पाहत पडले होते. त्यांत बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा होत्या, नारायण धारप होते, भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेला ज्यूल व्हर्न होता. अगदी तळाशी, कोणा दात्याने कधीकाळी दिलेली, खिशात मावतील अशी दोन इंग्रजी पुस्तके होती : जेम्स ब्लिश यांचे ‘स्टार ट्रेक’ आणि टेरन्स डिक्स यांचे ‘डॉक्टर हू अँड द वेब ऑफ फिअर’. किलोच्या भावाने मी सगळेच उचलले. ‘चांगले साहित्य ठेवले आहे, हे नुसते वेळ घालवण्याचे होते,’ असे मला तेथे समजावण्यात आले. हा धागा त्या एका वाक्यास उत्तर आहे.

आधी त्या तळातल्या डिक्सबद्दल. ‘डॉक्टर हू’ ही बीबीसीची मालिका नोव्हेंबर १९६३ मध्ये सुरू झाली. त्या काळी चित्रफीत महाग, साठवणीस जागा अपुरी आणि पुनःप्रक्षेपणाचे हक्क मर्यादित. त्यामुळे साठच्या दशकातील कित्येक भाग बीबीसीने स्वतःच पुसून टाकले किंवा नष्ट केले. त्यांतील नव्वदहून अधिक भाग आजही सापडलेले नाहीत. १९७३ पासून ‘टार्गेट’ या प्रकाशनाने मालिकेतील कथांच्या कादंबऱ्या काढण्यास आरंभ केला. साठांहून अधिक पुस्तके एकट्या डिक्स यांनी लिहिली. घरोघरी व्हिडिओ कॅसेट येण्यापूर्वीच्या त्या पिढीला जुनी कथा पुन्हा भेटण्याची जागा एकच होती, ती म्हणजे हे स्वस्त पुस्तक.

‘द वेब ऑफ फिअर’ ही सहा भागांची कथा १९६८ साली दाखवली गेली. लंडनच्या भुयारी रेल्वेत कोळिष्टकासारखे काही पसरते आणि सैन्य आत अडकते. पुढे तिचा पहिला भाग तेवढा शिल्लक राहिला. डिक्स यांची कादंबरी १९७६ ची. २०१३ मध्ये नायजेरियातील जोस शहरात सापडलेल्या रिळांतून आणखी चार भाग हाती आले. तिसरा भाग अद्याप नाही, आणि नेमक्या त्याच भागात लेथब्रिज-स्ट्युअर्ट हा लष्करी अधिकारी, जो पुढे अनेक वर्षे मालिकेचा आधारस्तंभ झाला, प्रथम नीट समोर येतो.

इतिहासाच्या विद्यार्थ्याने येथे थबकले पाहिजे. सदतीस वर्षे ज्या मजकुराची पडताळणी जवळजवळ अशक्य होती, त्याचे अस्सल एके दिवशी अचानक समोर येऊन ठाकते. बखरीशेजारी अस्सल पत्र ठेवून वाचण्याचा जो आनंद आपण मिरवतो, तोच हा आनंद.

आता प्रामाणिकपणे दुसरी बाजू. हरवलेल्या सर्व भागांचा ध्वनी उपलब्ध आहे. घरी बसून टेपरेकॉर्डरवर आवाज मुद्रित करणाऱ्या प्रेक्षकांनी तो वाचवला, संस्थेने नव्हे. त्यामुळे कादंबरी हा एकमेव पुरावा आहे असे मी म्हणणार नाही. पण आवाजावरून कोण कोठे उभा आहे, कोणाच्या हातात काय आहे, हे कळत नाही. आणि १९७६ सालच्या दहा वर्षांच्या मुलाजवळ ते ध्वनिमुद्रण नव्हतेच.

मी बखर हा शब्द सहज वापरलेला नाही. बखर म्हणजे काय? घटना घडून गेल्यावर, कोणाच्या तरी आज्ञेवरून, ऐकणाऱ्याला रस वाटेल अशा थाटात लिहिलेला वृत्तांत. कृष्णाजी अनंत सभासदाने १६९० च्या दशकात जिंजी येथे राजाराम महाराजांच्या आज्ञेने लिहिले. तेव्हा शिवछत्रपतींच्या निधनाला दीड दशक होत आले होते. मालिकेवर बेतलेली कादंबरीही मागणीवरून, मुदतीत, मागाहून लिहिली जाते. वि. का. राजवाडे यांनी बखरींच्या विश्वासार्हतेवर कठोर प्रहार केले आणि ते योग्यच होते. परंतु राजवाड्यांच्या टीकेनंतर सभासद कोणी रद्दीत घातला नाही. आपण तो जपला, छापला, पत्रांशी ताडून पाहिला. मग विसाव्या शतकातील बखरींना निराळा न्याय का?

त्या बिघडतात, हेही खरे आहे. डेव्हिड व्हिटेकर यांनी १९६४ मध्ये ‘डॉक्टर हू’ची पहिली कादंबरी लिहिली, तेव्हा पडद्यावर घडलेला आरंभ चक्क बाजूस सारला. मालिकेत दोन शिक्षक आपल्या विद्यार्थिनीचा माग काढीत एका भंगाराच्या आवारात पोहोचतात. पुस्तकात मात्र धुक्याच्या रात्री बार्न्स कॉमनवर अपघात होतो आणि कथा तेथून निघते. केवळ पुस्तक वाचणाऱ्याची मालिकेच्या जन्माविषयीची माहिती साफ चुकीची ठरेल.

ब्लिश यांची गोष्ट निराळी. १९६७ पासून त्यांनी ‘स्टार ट्रेक’च्या भागांच्या कथा लिहिल्या त्या संहितांवरून, आणि पुष्कळदा आधीच्या मसुद्यांवरून. प्रक्षेपित भागाशी त्या जुळत नाहीत तेथे मालिकेचे चाहते चिडतात. मला तर ती विसंगतीच मोलाची वाटते : पडद्यावर पोहोचण्यापूर्वी कापले गेलेले काही अशा ठिकाणी अजून जिवंत असते. मसुदा आणि अंतिम प्रत यांतील फरक पाहायला मिळावा म्हणून संशोधक आयुष्य घालवतात, आणि येथे तो रद्दीच्या भावाने मिळतो.

बखरीचे तिसरे लक्षण म्हणजे ती उलट फिरून इतिहासालाच वळण देते. ‘स्टार ट्रेक’मधील सुलू या पात्राला मूळ मालिकेत पहिले नाव नव्हते. व्होंडा मॅकिन्टायर यांनी १९८१ च्या ‘द एन्ट्रॉपी इफेक्ट’ या कादंबरीत त्याला हिकारू हे नाव दिले, आणि १९९१ च्या चित्रपटात ते पडद्यावर उच्चारले गेले. आज ते नाव ‘मूळचेच’ वाटते.

हसू नका, आपल्याकडेही हेच झाले आहे. हरिभाऊ आपट्यांच्या कादंबरीचे नाव ‘गड आला पण सिंह गेला’. सभासदाच्या बखरीतले शब्द निराळे आहेत, पण शाळकरी मुलापासून वक्त्यापर्यंत सर्वांच्या तोंडी आपट्यांचेच वाक्य आहे, आणि ते महाराजांचे म्हणून. त्याच ओघात ‘तानाजी पडला म्हणून कोंढाण्याचा सिंहगड झाला’ अशी समजूत घट्ट बसली. गड घेतला गेला फेब्रुवारी १६७० मध्ये. सिंहगड हे नाव मात्र १६६३ च्या पत्रात आढळते. म्हणून आपटे टाकून द्यायचे काय? मुळीच नाही. एखादी समजूत कोठून निघाली हे शोधायचे असेल, तर ज्या कादंबरीने ती रुजवली ती हाताशी असावीच लागते. चुकीचा उगम दाखवणारा कागदही पुरावाच असतो.

त्याच सिंहगडावर पुढे दूरदर्शनचा मनोरा उभा राहिला. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झाले. आमच्या खोऱ्यात, डोंगरांच्या आड, वडीलधारी माणसे सांगतात त्याप्रमाणे चित्रापेक्षा मुंग्याच अधिक दिसत. तरीही ज्या घरी संच असे त्या घरी अर्धे गाव जमे. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर ‘स्टार ट्रेक’ लागला, पुढे ‘इंद्रधनुष’ आणि ‘स्पेस सिटी सिग्मा’ आल्या, १९९८ मध्ये ‘कॅप्टन व्योम’ आला. त्या वेळी लहान असलेल्या कोणालाही विचारून पाहा. शीर्षकगीत येते. एखादा यंत्रमानव आठवतो. काळात मागे जाणारी मुले आठवतात. कथा काय होती, पाचव्या भागात काय झाले, शेवट कसा झाला? येथे माणूस गप्प होतो.

याच्याशेजारी फास्टर फेणे ठेवा. त्याचीही मालिका त्याच दशकात दूरदर्शनवर झाली, सुमीत राघवन त्यात फेणे होता. ती मालिका पुसट झाली म्हणून बनेश फेणे पुसट झाला नाही, कारण भागवतांची पुस्तके आधीपासून होती आणि आजही आहेत. नारायण धारपांच्या ‘ग्रहण’वरून २०१८ मध्ये मालिका आली, ती संपली, कादंबरी कपाटात राहिली (म्हणजे, जेथे कपाट मोकळे केले नाही तेथे). आपल्याकडे प्रवास नेहमी पुस्तकाकडून पडद्याकडे झाला, आणि आपण त्याचा अभिमानही बाळगला. उलट वाटेने जाणे हलके समजले गेले. त्याची किंमत अशी की जे थेट पडद्यासाठी लिहिले गेले, त्याच्यामागे वाचता येईल असे काही उरले नाही. दूरदर्शनच्या जुन्या चित्रफिती पुसून पुन्हा वापरल्या जात, हे त्या पिढीतील कलावंत हळहळत सांगत आले आहेत.

चित्रपटाच्या बाबतीत आपण इतके कमनशिबी नव्हतो, आणि तेही ‘हलक्या’ कागदामुळेच. ‘आलम आरा’ १९३१ चा. त्याची एकही प्रत आज उपलब्ध नाही. त्याविषयी जे कळते ते जाहिराती, छायाचित्रे, पुस्तिका असल्या कागदांवरून. चित्रपटगृहाच्या दारात दोन पैशांना मिळणाऱ्या त्या गाण्यांच्या पुस्तिका कोणी साहित्य म्हणून जपल्या नव्हत्या. २००३ मध्ये पुण्यात लागलेल्या आगीत चित्रपट संग्रहालयाची नायट्रेटवरील जुनी रिळे जळाली, तेव्हा अशा चिटोऱ्यांचे मोल आणखी वाढले.

मुळशीकराला हे वेगळे सांगावे लागू नये. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, टाटांच्या धरणाविरुद्ध येथे सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापट त्यातूनच सेनापती झाले. धरण झालेच. गावे पाण्याखाली गेली. बुडालेल्या त्या खोऱ्याचा चलच्चित्रपट कोठेही नाही. विनायकराव भुस्कुटे आणि नंतर राजेंद्र व्होरा यांनी लिहून ठेवले, म्हणून माझ्या पिढीला काही ठाऊक आहे. सत्याग्रह आणि विज्ञानमालिका यांना मी एका तागडीत घालत नाही. पण पाण्याखाली गेलेले कागदावर कसे टिकते, हे आमच्या तालुक्याला जितके ठाऊक असावे तितके क्वचितच कोणाला. आणि तेथल्याच वाचनालयाने गठ्ठे बांधावेत, याचा मला राग आहे.

‘पण ते चांगले लिहिलेले नसते.’ पुष्कळदा नसते, मान्य. सभासदाची बखर जपली ती काय केवळ गद्य सुंदर म्हणून? शिवाय ‘चांगले’ कोण ठरवणार? १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत जयंत नारळीकरांनी आपली आद्याक्षरे उलटी करून, नारायण विनायक जगताप या नावाने ‘कृष्णविवर’ पाठवली. विज्ञानकथेला तेव्हा साहित्याच्या पंगतीत मानाचे पान नव्हते. २०२१ मध्ये तेच नारळीकर नाशिकच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. मधल्या सत्तेचाळीस वर्षांत एखाद्या ग्रंथपालाने ‘हे नुसते वेळ घालवण्याचे’ म्हणून विज्ञानकथांचे किती गठ्ठे बांधले असतील!

दुसऱ्या टोकाचे चाहतेही मला मान्य नाहीत, जे कादंबरीतले प्रत्येक वाक्य मालिकेचे वेदवाक्य मानून भांडतात. व्हिटेकरांचा अपघात पडद्यावर घडलाच नाही, तो नाही.

तर एक विनंती. घरी माळ्यावर मालिकांची पुस्तके, चित्रपटाच्या पुस्तिका, आकाशवाणी-दूरदर्शनच्या टंकलिखित संहिता असतील, तर दिवाळीच्या साफसफाईत त्या देऊन टाकण्यापूर्वी एकदा उघडा. मुखपृष्ठ फाटलेले असले तरी चालेल. शीर्षकपानाच्या मागची बाजू तेवढी पाहा आणि तिचे छायाचित्र घ्या. आवृत्ती, वर्ष आणि मुद्रणालय बहुधा तेथेच असते. माझ्या डिक्सच्या प्रतीत त्याच पानावर, निळ्या शाईत, कोणा मुलाने आपली इयत्ता लिहून ठेवली आहे. सहावी ब.