स्मार्ट मीटरच्या लहरी कोणाच्या?

स्मार्ट मीटरवरून भांडण चाललंय ते प्रीपेड की पोस्टपेड यावर. भांडा, जरूर भांडा. पण मीटर कोणत्या लहरींवर बोलणार, हे कोणी विचारतं का?

मार्ग दोन. एक, मीटरमध्ये सिम आणि मोबाइल कंपनीचा परवान्याचा स्पेक्ट्रम. दुसरा, 865 मेगाहर्ट्झच्या आसपासचा विनापरवाना पट्टा. यात एक मीटर शेजारच्याला निरोप देतो आणि तो पुढे सरकत जातो. 2005 पासून हा पट्टा खुला आहे. टोलनाक्यावर तुमचा फास्टॅगही इथेच वाचला जातो.

"फुकट आहे, मग वाईट काय?" अहो, नियम वाचा. पट्टा सामायिक, व्यत्यय आला तर संरक्षण नाही. रीडिंगसाठी ठीक आहे. आकडा तासभर उशिरा पोहोचला तर काही बिघडत नाही. पण प्रीपेडमध्ये वीज तोडण्या-जोडण्याचा हुकूमही याच वाटेने येतो. रिचार्ज झालंय, निरोप अडकलाय, घरात अंधार. दाद कोणाकडे मागायची?

सिमवाल्यांनीही टाळ्या वाजवू नयेत. परवाना मोबाइल कंपनीचा, वीज कंपनीचा नाही. तळघरातल्या मीटर रूममध्ये रेंज किती येते, फोन घेऊन स्वतःच बघा.

माझं म्हणणं सरळ आहे. देशभर 25 कोटी मीटर लावायला निघालात ना? मग वीज वितरणासाठी थोडा स्पेक्ट्रम राखून ठेवा. तोवर, निरोप पोहोचण्याची हमी नाही तिथे लांबून कोणाची वीज तोडू नका.