कमी आकड्याचे फसवे समाधान

मोठ्या आतड्याचा कर्करोग हा श्रीमंत देशांचा रोग, आपल्याकडे तो क्वचितच होतो, असे एक समाधान महाराष्ट्रात रूढ आहे. वरकरणी आकडेही त्याला पुष्टी देतात. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार मोठे आतडे व गुदाशय यांच्या कर्करोगाचे वयानुरूप प्रमाण जगात लाखामागे १८ च्या वर, डेन्मार्क-नॉर्वेत ४० च्या वर, तर भारतात ५ च्या आसपास आहे. महाराष्ट्रातही मुंबईपेक्षा बार्शीच्या ग्रामीण भागात ते कमी आढळते.

बार्शीचा आकडा उपलब्ध आहे, हीच मुळात मोठी गोष्ट. मुंबईत कर्करोगाची नोंदणी १९६३ साली सुरू झाली, ती रुग्णालयांच्या आधारे. खेड्यातला रुग्ण मात्र रुग्णालयापर्यंत पोहोचतच नव्हता. म्हणून १९८७ मध्ये बार्शी, परांडा व भूम या तालुक्यांत देशातील पहिली ग्रामीण नोंदणी सुरू झाली, तेव्हा नोंदणी करणाऱ्यांना गावोगाव जाऊन रुग्ण शोधावे लागले. गरिबाचे मरण कोणी शोधायला गेल्याशिवाय मोजले जात नाही, हा त्यातला धडा.

प्रमाण कमी आहे हे खरे. परंतु रोग झाल्यावर काय होते, हा प्रश्न वेगळा आहे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय पाहणीत अमेरिकेतील मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे साठ टक्क्यांहून अधिक रुग्ण पाच वर्षे जगत असल्याचे दिसले. भारतातील नोंदणी केंद्रांत हे प्रमाण चाळीस टक्क्यांच्याही आत होते. रोग तोच, फरक पडतो तो निदानाच्या वेळेत आणि उपचाराच्या सोयीत. शौचातून रक्त गेले की मूळव्याध समजून महिनोन् महिने औषध घेतले जाते. दुर्बिणीच्या तपासणीसाठी शहर गाठायचे, तर मजुरी बुडते आणि प्रवासखर्च अंगावर पडतो. शासकीय विमा योजना शस्त्रक्रियेचा भार उचलतात. पण दाखल होण्यापूर्वीच्या तपासण्यांचा खर्च बहुधा रुग्णाच्याच माथी येतो. ज्या टप्प्यावर जीव वाचू शकतो, नेमक्या त्याच टप्प्यावर त्याला एकटे सोडले जाते.

शिवाय कमी प्रमाण ही कायमची ठेव नव्हे. हवाईत स्थायिक झालेल्या जपानी लोकांत हा रोग मायदेशापेक्षा पुष्कळ वाढला. म्हणजे संरक्षण वंशात नव्हते, राहणीत होते. तंबाखू, दारू, स्थूलता, बैठे काम, प्रक्रिया केलेले मांस आणि तंतुमय अन्नाचा अभाव ही जोखमीची कारणे आज सर्वज्ञात आहेत. त्यांना केवळ वैयक्तिक सवयी म्हणणे सोयीचे असते, कारण मग धोरणाला जाब विचारावा लागत नाही. सोलापूर-मराठवाड्यात ज्वारीची भाकरी हे रोजचे अन्न होते. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात भरडधान्याचा समावेश असूनही रेशनच्या दुकानात मुख्यतः गहू-तांदूळच येतो. ताटात काय पडावे, हे भाव आणि सरकारी खरेदी ठरवतात. दोष मात्र खाणाऱ्याला दिला जातो.

प्रमाण कमी असताना सरसकट सर्वांची दुर्बिणीने तपासणी करावी, अशी मागणी शहाणपणाची ठरणार नाही; मर्यादित साधने तीत वाया जातील. मागणी नेमकी हवी. शौचातून रक्त जाणे, शौचाच्या सवयीत टिकून राहणारा बदल, अकारण रक्तक्षय व वजनघट ही लक्षणे आशा कार्यकर्तीपासून प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत सर्वांना ओळखता आली पाहिजेत. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात दुर्बिणीची तपासणी विनामूल्य झाली पाहिजे. बार्शीसारखी नोंदणी राज्याच्या इतर ग्रामीण भागांतही उभी राहिली पाहिजे आणि रेशनवर ज्वारी-बाजरी नियमित मिळाली पाहिजे.

कार्यकर्त्यांनी हा प्रश्न केवळ डॉक्टरांवर सोपवू नये. लाखामागे पाच हा आकडा लहान दिसतो. पण त्या पाचांपैकी किती जगतील, हे बव्हंशी समाजाच्या व्यवस्थेवर अवलंबून आहे, आणि ती व्यवस्था बदलणे हेच राजकारणाचे काम आहे.