घाट सेमाडोहचा, पत्रा परक्याचा

परतवाड्याहून घटांगमार्गे सेमाडोहला येणारा घाट विजेच्या गाडीने चढून या, मग मला ‘स्वदेशी’चं कौतुक सांगा. बॅटरी केवढी, पडदा किती इंचांचा, सनरूफ आहे का, यावर टपरीपासून विधानभवनापर्यंत चर्चा झडतात. मोटरीतल्या ज्या पोलादी पत्र्यामुळे चाक फिरतं, त्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही.

आमच्याकडे शेतपंपाची मोटर जळाली की वाइंडिंगवाल्याकडे जाते. स्टेटर, मोटरीचा स्थिर भाग, म्हणजे साधारण अर्ध्या मिलिमीटरच्या पोलादी चकत्यांची थप्पी, चकती-चकतीमध्ये वीज अडवणारा लेप. जळकं तांबं उपसायला स्टेटर फार तापवला तर तो लेप जातो, आणि नवं तांबं भरूनही मोटर तापतच राहते. “भाऊ, लय जाळलं का पत्रा मरते,” वाइंडिंगवाला सांगतो. धोरणं आखणाऱ्या साहेबांना एवढं तरी ठाऊक असावं.

पंपाला ५० हर्ट्झची वीज. गाडीची आठ ध्रुवांची मोटर मिनिटाला १२,००० फेरे घेते तेव्हा पत्र्यातलं चुंबकत्व सेकंदाला ८०० आवर्तनं करतं. पत्र्यातल्या भोवरा-प्रवाहांचा तोटा वारंवारितेच्या वर्गाने वाढतो, पत्रा निम्मा पातळ केला की चौथाई होतो. म्हणून गाडीला पाव मिलिमीटरच्या आसपासचा पत्रा लागतो, त्यात सुमारे ३ टक्के सिलिकॉन. सिलिकॉन वाढवला की तोटा घटतो, पण पत्र्याची चुंबकत्व पेलण्याची कमाल कुवतही घटते. समृद्धी महामार्गावर ताशी १२० किलोमीटरने पळायचं तर तोटा कमी हवा. सेमाडोहच्या चढावर जोर हवा, तिथे ही कुवतच कामी येते. एकाच पत्र्याने दोन्ही सांभाळायचं, खरी झटापट इथे आहे.

सिलिकॉन आणखी वाढवून साडेसहा टक्के केला तर पत्रा लाटताना तडकतो. जपानच्या एनकेके कंपनीने, म्हणजे आजच्या जेएफईने, आधी कमी सिलिकॉनचा पत्रा लाटून मग वायूतून सिलिकॉन मुरवायची युक्ती काढली आणि १९९३ साली तो बाजारात आणला. तेव्हा आपल्याकडे विजेच्या गाडीची फारशी चर्चाही नव्हती. आता त्याच जेएफईशी भागीदारी करून आपण छाती फुगवतो. आयत्या बिळावर नागोबा!

पत्रा आपल्याकडेही बनतो म्हणून नाशिकचं नाव पुढे करू नका. जेएसडब्ल्यू आणि जेएफईने २०२५ मध्ये ४,००० कोटींहून अधिक मोजून जर्मन मालकाकडून घेतलेला तो कारखाना ट्रान्सफॉर्मरचा पत्रा काढतो. त्या पत्र्याचे कण एकाच दिशेने लावलेले असतात. मोटरीत चुंबकत्व गरगर फिरतं, तिथे तो फारसा उपयोगाचा नाही. केंद्राने २०२१ मध्ये विशेष पोलादासाठी ६,३२२ कोटींचं प्रोत्साहन जाहीर केलं, यादीत विद्युत पोलाद, म्हणजे अशा पत्र्याचं पोलादही आहे. पण ते पैसे टनांवर मिळतात, प्रयोगशाळेतल्या फसलेल्या शंभर लाटणींवर नाही. फसल्याशिवाय पत्रा सुधारत नसतो.

शेजारच्या हरिसालला ‘पहिलं डिजिटल गाव’ म्हणून मिरवलं, तेव्हाही आम्ही आत काय आहे हे न विचारता टाळ्या वाजवल्याच. आता पुढच्या गाडीच्या अनावरणाला मंत्री आले की बॅटरीचं विचारू नका. विचारा: स्टेटरचा पत्रा किती जाड, कुठे लाटला, आणि त्याची कृती कुणाच्या तिजोरीत आहे?