गार्ड काढण्याआधी

टूरिंग मोटारसायकलच्या सॅडलबॅगभोवतीच्या गार्डाचा क्रोम उडाला की गिऱ्हाईक म्हणते, "काढूनच टाका." गॅरेजवाल्यांनी लगेच पाना उचलू नये. साडेतीनशे किलोहून जड हार्ले उभ्याउभ्या कलंडली, तर पेटीऐवजी मार खातो तो हाच गार्ड. (साडी गार्ड निराळा. तो 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत आहे, त्याला हात लावायचाच नाही.)

जुन्या क्रोमवर थेट रंग मारून देणे ही तर सरळ फसवणूक होय. गुळगुळीत क्रोमवर रंग धरत नाही, थोड्याच दिवसांत पापुद्रे सुटतात आणि बदनाम होतो कारागीर. जुना थर पूर्ण उतरवून, पृष्ठभाग खरखरीत करून, मग पावडर कोटिंग करून सुमारे 200 अंशांच्या भट्टीत भाजावे. खर्च वाढतो, तो आधीच सांगावा.

पुन्हा क्रोमच हवा असेल, तर दुकानाच्या मागे अ‍ॅसिडची बादली मांडू नका. क्रोमिक आम्लाच्या हौदावरचे तुषार श्वासातून जाऊन फुप्फुसाचा कर्करोग होऊ शकतो, आणि अशा हौदाशी उघड्या हाताने बहुधा शिकाऊ पोरेच उभी असतात. परवाना असलेल्या प्लेटिंगवाल्याकडे काम द्यावे आणि त्याचा दर बिलात वेगळा लिहावा.